मोफत, खुले आणि आपले

परिषदा, सत्याग्रह, निवडणुका आणि फुटी यांचा तपशील आपल्या इतिहासात भरपूर सापडतो. वस्तीतले वाचनालय कोणी उघडले, रात्रशाळेच्या कंदिलाचे तेल कोणाच्या पैशाने येत होते, जलशाच्या मंडळींना रात्री भाकर कोणाच्या घरची मिळत होती, याच्या नोंदी मात्र तुटपुंज्या आहेत. मी रात्रशाळेत शिकवतो. त्यामुळे ही उणीव मला रोज जाणवते. लोकांसाठी फुकट किंवा अल्प दरात चालणाऱ्या उपक्रमांना ‘समाजसेवा’ म्हणून बाजूला सारण्याची सवय आपल्या विचारवंतांनाही लागली आहे. वास्तविक बहिष्कृतांच्या चळवळीतील काही मूलभूत भांडणे याच जागी झाली आहेत.

असा कोणताही उपक्रम ‘गावातील सर्व रहिवाशांसाठी’ असे म्हणत सुरू होतो. आपल्या समाजात प्रश्न नेमका तेथेच उभा राहतो. रहिवासी कोणाला म्हणावयाचे? महारवाडा गावाच्या हद्दीत असतो, गावची कामे करतो, गावचे मेलेले ढोर ओढतो. पण गावच्या विहिरीवर तो गावचा नसतो. म्हणून या उपक्रमांचा इतिहास तपासताना दोन प्रश्न सतत हाताशी ठेवावे लागतात. ‘सर्व’ या शब्दात कोणाला धरले होते? आणि कारभार कोणाच्या हाती होता?

पहिल्या प्रश्नाला जोतीराव फुल्यांनी दिलेले उत्तर सरळ होते. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी कामकरी व शेतकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्या माणसाला दिवसाची शाळा फुकट असूनही बंदच असते, हे त्यांनी ओळखले होते. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हौद स्वतःचा होता, त्यामुळे कोणाची परवानगी लागली नाही. पण सार्वजनिक पाणवठा खुला करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचा इतिहास पुढे फार रक्तरंजित झाला.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तरीही अस्पृश्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. त्या बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम १९१९ साली निघाला. मधली दोन वर्षे मला फार बोलकी वाटतात. फी माफ झाली म्हणजे दार उघडले असे होत नाही. फीचा अडसर आणि जातीचा अडसर हे दोन निराळे अडसर आहेत, आणि दुसरा काढण्यासाठी वेगळा हुकूम काढावा लागतो.

ब्रिटिश मुलखात तर हुकूमही पुरला नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले केले. कागदावर! तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी अस्पृश्याच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि त्याच दिवशी मार खाऊन परतली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पुरी झाली तो हा दिवस. पुढे सवर्णांनी तळे आमच्या मालकीचे आहे असा दावा लावला. तो निकाली निघून उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. फुकट मिळणाऱ्या पाण्यासाठी अस्पृश्यांनी डोकी फोडून घेतली आणि दहा वर्षे कोर्ट लढवले. ‘सर्वांना मोफत’ या शब्दांची खरी किंमत काय असते, हे यावरून समजावे.

दुसरा प्रश्न कारभाराचा. मुंबईच्या गिरणगावात या शतकापूर्वीचे शतक सुरू झाले तेव्हापासून अनेक उपक्रम उभे राहिले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन करून परळला शाळा उघडली. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. या कामाची टवाळी करण्याचे मला कारण दिसत नाही. ज्यांना अक्षर दिसले नसते त्यांना तेथे अक्षर दिसले. मात्र काय शिकवावे, कोणाला शिक्षक नेमावे, पैसा कशावर खर्चावा, हे ठरवणारी माणसे बहुतेक वेळा वस्तीबाहेरची होती. उपकृत झालेला माणूस हिशेब मागत नाही, ही या प्रकारच्या कामाची मर्यादा होती.

९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा बोलावली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या रचनेकडे विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड होते. प्रतिष्ठित स्पृश्य मंडळींची नावे आणि मदत सभेने नाकारली नाही. परंतु व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, चिटणीस सी. ना. शिवतरकर. दैनंदिन निर्णय बहिष्कृतांच्याच हाती राहिला. उद्दिष्टेही तशीच ठेवली : वसतिगृहे काढणे, वाचनालये, सामाजिक केंद्रे व अभ्यासवर्ग चालवणे, औद्योगिक आणि शेतकी शाळा उघडणे, आणि गाऱ्हाणी मांडणे. पुस्तक आणि गाऱ्हाणे ही एकाच यादीत बसवली, हे महत्त्वाचे आहे. परोपकारी संस्थेच्या यादीत पुस्तक असते, गाऱ्हाणे नसते.

४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापूरला वसतिगृह उघडले. मुलांचे जेवण, कपडे, लेखनसाहित्य यांचा भार सभेने उचलला आणि सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये अनुदान दिले. मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढले. मुंबईत मोफत वाचनालय सुरू झाले. तरुणांनी दारू-जुगारापासून दूर राहावे म्हणून हॉकी क्लबही निघाला. नगरपालिकेच्या ४० रुपयांना कोणी भीक म्हणू नये. नगरपालिकेच्या तिजोरीत अस्पृश्यांच्या श्रमाचा आणि कराचा वाटा होताच. त्यातला थोडा भाग परत मिळाला, इतकेच.

करमणुकीचेही असेच आहे. सत्यशोधकांच्या पाठोपाठ आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डकांसारखे कलावंत गावोगाव फिरले. नाटकगृहाचे तिकीट ज्याला परवडत नव्हते आणि परवडले तरी ज्याची तेथे अवहेलना होत होती, त्याच्या अंगणात जलसा आला. तेथे प्रवेशाला पैसे पडत नव्हते, पण कार्यक्रम फुकट होता असे मी म्हणणार नाही. कोणी घोंगडी दिली, कोणी बत्ती आणली, कोणी जेवण घातले. वस्ती तेथे नुसती प्रेक्षक राहिली नाही.

हाच धागा मला समुद्रापलीकडे दिसतो. दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाने जानेवारी १९६९ मध्ये ओकलंड शहरातील सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. कार्यकर्ते पहाटे उठून स्वयंपाक करत, मुले खाऊन शाळेत जात. पुढे दवाखाने निघाले आणि १९७१ पासून सिकलसेलची तपासणी मोहीम चालली. सरकारची प्रतिक्रिया पाहण्यासारखी आहे. एफ.बी.आय.चा प्रमुख एडगर हूव्हर याला या न्याहारीतच मोठा धोका दिसला, कारण तिच्यामुळे सामान्य लोक पक्षाच्या जवळ जात होते. दुसरीकडे त्याच सरकारने १९७२ साली सिकलसेलसाठी कायदा केला आणि शाळांतील सरकारी न्याहारीची योजना, जी १९६६ पासून प्रायोगिक होती, १९७५ साली कायम केली. सगळे श्रेय पँथरांना देता येणार नाही. पण भुकेचा प्रश्न त्यांनी चव्हाट्यावर मांडला होता यात शंका नाही.

आपल्या पँथरांनी नाव घेतले, आवेश घेतला आणि अत्याचार झालेल्या गावी धावून जाण्याचे धाडस दाखवले. न्याहारीचा भाग मागे राहिला. १९७४ ची वरळीची दंगल, खटले आणि त्याच वर्षीची फूट यांत त्याला सवड मिळाली नाही, हे समजण्यासारखे आहे. पण सिकलसेल विदर्भातल्या आपल्या आणि आदिवासी वस्त्यांतही आहे, आणि त्यासाठीची राष्ट्रीय मोहीम सरकारने २०२३ साली सुरू केली. ओकलंडचे कार्यकर्ते रक्ततपासणी घेऊन दारोदार गेले त्याला तोवर अर्धे शतक उलटले होते.

आज आमच्या भागात मोफत कार्यक्रमांना तोटा नाही. जयंतीच्या आठवड्यात वह्या वाटतात, चष्मे वाटतात, नेत्याचे छायाचित्र वहीच्या वेष्टनावर असते. आठवडा संपला की कोणी फिरकत नाही. याच वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत एक अभ्यासिका आहे. महिन्याला वीस रुपये वर्गणी. ज्याला जमत नाही त्याने आठवड्यातून एकदा खोली झाडायची आणि वर्तमानपत्रे लावून ठेवायची. या नियमावर पोरांनी दोन रात्री वाद घातला. झाडणे हे आपल्याच वाट्याला का, असे एका मुलीने विचारले, तेव्हा वर्गणी देणाऱ्यांनीही पाळीपाळीने झाडायचे असे ठरले. असा प्रश्न वह्या वाटपाच्या मंडपात कोणी विचारत नाही.

वर्गणी असावी की नसावी, याचा एकच नियम मला सांगता येणार नाही. वर्गणी देणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार येतो, हे खरे. पण वीस रुपयेही एखाद्या घराला जड असतात, हेही तितकेच खरे. आणि नगरपालिकेचे वाचनालय, दवाखाना, उद्यान यांच्या बाबतीत तर आपण कर भरतो, शहर झाडतो, बांधतो. तेथे मोफत प्रवेश ही कोणाची मेहेरबानी नाही. म्हणून वस्तीची अभ्यासिका चालवताना नगरपालिकेवरचा दावा सोडू नये. सोलापुरात सभेने दोन्ही केले होते.

शेवटी विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक विनंती. आपल्या वस्तीतील जुन्या वाचनालयाचे, तालमीचे, भजनी मंडळाचे वा जलशाचे हजेरीपट, पावतीपुस्तके, ठरावांची वही ज्यांच्या घरी असेल त्यांच्याकडून उतरवून घ्या. जागा कोणी दिली, पैसा कोठून आला, बायकांना प्रवेश होता काय, मांग आणि चांभार घरांतील मुले येत होती काय, हे विचारा. महाडच्या सवर्णांना आपण जो प्रश्न विचारला तो आपल्याच वाचनालयाच्या दारात विचारताना संकोच करू नये. त्या नोंदी वाळवीने खाण्याआधी जमवल्या पाहिजेत; त्या जपून ठेवणारी पिढी आता थकली आहे.