विनंती-नोंद (संगणकशास्त्र)

विनंती-नोंद किंवा रिक्वेस्ट लॉगिंग म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या उपयोजनाकडे आलेल्या वेब विनंत्यांची व त्यांना दिलेल्या प्रतिसादांची कालानुक्रमे ठेवलेली नोंद होय. ही नोंद ज्या फाइलीत साठवली जाते तिला लॉग फाइल म्हणतात. बिघाडाचे कारण शोधणे, भार मोजणे आणि अनधिकृत प्रवेशाचा माग काढणे यांसाठी तिचा उपयोग होतो.

स्वरूप

एनसीएसए या अमेरिकी संस्थेच्या वेब सर्व्हरमधून रूढ झालेला 'कॉमन लॉग फॉरमॅट' पुढे अपाचे सर्व्हरनेही स्वीकारला. त्यात प्रत्येक विनंतीसाठी एक ओळ असते. तीत आयपी पत्ता, वापरकर्त्याचे नाव, दिनांक व वेळ, विनंतीची ओळ, स्थिती-संकेतांक आणि पाठवलेल्या बाइटची संख्या येते. २०० हा संकेतांक यश, ४०४ हा पान न सापडणे, तर ५०० हा सर्व्हरमधील दोष दर्शवतो. उपयोजनात ही नोंद बहुधा मिडलवेअरमार्फत, प्रतिसाद तयार झाल्यानंतर केली जाते. कारण संकेतांक आणि लागलेला वेळ तेव्हाच कळतो.

उदाहरण

लातूर विभागीय मंडळाच्या कक्षेत लातूर, नांदेड व धाराशिव हे जिल्हे येतात. दहावी-बारावीचा ऑनलाइन निकाल पाहताना विद्यार्थी बैठक क्रमांक व आईचे नाव भरतात. अशी माहिती 'गेट' पद्धतीने पाठवल्यास ती वेबपत्त्याचा भाग बनते व लॉग फाइलीत जशीच्या तशी उतरते. त्यामुळे ती 'पोस्ट' पद्धतीने पाठवणे आणि विनंतीचा मजकूर, विशेषतः पासवर्ड, नोंदीतून वगळणे किंवा झाकणे आवश्यक ठरते.

एकाच आयपी पत्त्यावरून आलेल्या अनेक विनंत्या म्हणजे हल्लाच असे नाही. शाळेतील किंवा नेट कॅफेतील एका जोडणीवरून अनेकांचे निकाल पाहिले जातात. मोबाइल जाळ्यातही अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. केवळ पत्त्याच्या आधारे प्रवेश रोखल्यास खरे विद्यार्थी निकालापासून वंचित राहतात.

कायदेशीर तरतुदी

भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्थांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे. प्रणालींची घड्याळे प्रमाण वेळेशी जुळवणेही आवश्यक आहे. अन्यथा निरनिराळ्या सर्व्हरवरील नोंदींचा क्रम लावता येत नाही.