तारेशीं भांडलेला वकील

टेलिफोनचा विषय निघाला कीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांचें नांव तोंडीं येतें, आणि तें योग्यच आहे. शाळेंत कित्येक वर्षें मीही हेंच शिकवीत आलों. परंतु बेल ह्यांच्या सासऱ्याचा उल्लेख मीं वर्गांत कधीं केला नाहीं. ती चूक आज दुरुस्त करतों.

गार्डिनर ग्रीन हबर्ड हे बॉस्टनचे वकील, जन्म १८२२ चा. केंब्रिज गांवीं ग्यासचे दिवे, नळाचें पाणी आणि बॉस्टनला जाणारी घोड्यांची ट्राम आणण्यांत त्यांचा पुढाकार होता. पण त्यांचें खरें भांडण तारेशीं. १८६६ पासून अमेरिकेंतील तारेचा धंदा बहुतेक एकट्या वेस्टर्न युनियन कंपनीच्या हातीं गेला होता. दर भारी, म्हणून तारेचा उपयोग व्यापाऱ्यांना व वर्तमानपत्रांना. सामान्य कुटुंबास नाहीं. हबर्ड म्हणत, सरकारी सनदेची कंपनी काढा, पोस्टांतून तारा घ्या आणि दर कायद्यानें बांधून द्या. हें बिल घेऊन १८६८ पासून ते वॉशिंग्टनला खेपा घालीत राहिले. समोर कंपनीचे अध्यक्ष विल्यम ऑर्टन तितक्याच तयारीनें उभे. बिल कधींच मंजूर झालें नाहीं. आपल्याकडे २०१३ सालीं तार बंद होईपर्यंत तें खातें सरकारच्याच हातीं राहिलें, म्हणून हा वाद आपणांस चमत्कारिक वाटेल.

कायद्यानें साधेना तें यंत्रानें साधावें, असें मग त्यांच्या मनानें घेतलें. त्यांच्या कन्येची, मेबलची, श्रवणशक्ति लहानपणींच्या तापांत गेली होती. तिला शिकविणारे बेल एका तारेवरून अनेक संदेश पाठविण्याच्या खटपटींत होते. हबर्ड ह्यांनीं पैसा दिला. बेल मनुष्याच्या आवाजाच्या मागें लागले तेव्हां हे रागावले! पण वकिलाची नजर ती. बेल इंग्लंडांतील अर्जाची वाट पाहत थांबले असतां, त्यांना न विचारतां हबर्ड ह्यांनीं १४ फेब्रुवारी १८७६ रोजीं पेटंटाचा अर्ज दाखल करविला. त्याच दिवशीं एलिशा ग्रे ह्यांचीही सूचना कचेरींत पोंचली. ७ मार्चला पेटंट बेल ह्यांना मिळालें.

१८७७ सालीं कंपनी निघाली. यंत्रें विकावयाचीं नाहींत, भाड्यानें द्यावयाचीं, हा आग्रह हबर्ड ह्यांचाच. जोडे शिवण्याचीं यंत्रें भाड्यानें देणाऱ्या एका कंपनीची वकिली करतांना हा धडा ते शिकले होते. वेस्टर्न युनियनवर फिर्याद झाली आणि १८७९ सालीं तडजोड होऊन तिनें टेलिफोनचा धंदा सोडला.

रेल्वे-टपालाच्या सरकारी चौकशींत हबर्ड ह्यांनीं थिओडोर व्हेल नांवाचा हुशार अधिकारी हेरला होता. त्यांस त्यांनीं १८७८ सालीं टेलिफोन कंपनींत आणलें. ह्याच व्हेल ह्यांच्या कारकीर्दींत, १९०९ सालीं, बेल कंपनीनें वेस्टर्न युनियन आपल्या ताब्यांत घेतली. तार आणि टेलिफोन एकाच धन्याचे! सरकारच्या दडपणामुळें १९१३ सालीं तो ताबा सोडणें भाग पडलें. हबर्ड मात्र १८९७ सालींच वारले होते.