बेताच्या मिळकतीची सायकल

नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, हे आपल्याकडील शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात, तिकडे जर्मनीतील मानहाइम शहरी, कार्ल फॉन ड्राइस नावाच्या गृहस्थाने लाकडाची दोन चाके एकामागे एक बसवून त्यांच्यावर स्वारी केली, हे मात्र आपल्याला फारसे कोणी सांगत नाही. त्या गाडीला पायडल नव्हते, चेन नव्हती. मध्ये बसावयाचे आणि दोन्ही पायांनी जमीन रेटीत पुढे जावयाचे. लोक हसले असतील. पण सायकलीची वंशावळ तेथून सुरू होते. लढाईने नागपूरच्या राज्याचे भवितव्य ठरविले. त्या चाकांच्या वंशजांनी पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी नागपूरच्या गिरणी-कामगाराची, कारकुनाची आणि मास्तरांची रोजची वाट सोपी केली.

श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते एका अगदी घरगुती प्रश्नावर. गावाकडचा मुलगा शहरात नोकरीला किंवा कॉलेजात येतो. खोली एकीकडे, काम दुसरीकडे. हातात पैसे बेताचे. त्याने सायकल घ्यावी तर कोणती घ्यावी? आता तुम्ही म्हणाल, हा प्रश्न सायकलच्या दुकानदाराला विचारावा, इतिहासाच्या प्राध्यापकाला कशाला? त्याचे कारण असे की, नवे काय आले ते दुकानदार सांगतो. टिकले काय ते इतिहास सांगतो. आणि बेताच्या मिळकतीच्या माणसाला टिकणाऱ्या वस्तूशीच कर्तव्य असते.

ड्राइसच्या गाडीनंतर चाळीस-पन्नास वर्षांनी पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. पण पायडल थेट चाकालाच असल्यामुळे पाय एकदा फिरला की चाकही एकदाच फिरे. मग वेग वाढवावा कसा? चाकच मोठे करावे! अशा रीतीने पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे ताटाएवढे, अशी ती विचित्र सायकल निघाली. ५६ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे १५ फूट जाई. पण वाटेत दगड लागला की स्वार हँडलवरून थेट डोक्यावर पडे. यावर खरा तोडगा निघाला तो १८८५ साली. इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरच्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची सायकल काढली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि पायाचे बळ चेनने मागच्या चाकाला दिले होते. हिशेब करून पाहा. पुढच्या दातेरी चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आणि चाक २८ इंची असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १८ फूट जाते. म्हणजे उंच चाकापेक्षा अधिक वेग, आणि पाय जमिनीला टेकण्याची सोय! शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. मुलांना परीघ आणि प्रमाण दोन्ही एकदम समजतात.

१८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला. चेन आणि हवेचा टायर, या दोन गोष्टी जमल्या आणि सायकलीची घडण ठरली ती ठरलीच. आपल्या अंगणातली साधी सायकल आजही मुळात तीच आहे.

योगायोग असा की त्याच १८८८ साली आपल्या मराठी मुलखाशेजारी, बेळगावात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. पुढे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली, हे शेतकरी बंधूंना सांगावयास नकोच. मला येथे लक्षात आणून द्यावयाचे आहे ते इतकेच की महाराष्ट्रातल्या एका मोठ्या कारखानदारीचा पाया सायकलीच्या दुकानात घातला गेला. सायकल ही उघडी वस्तू आहे. तिचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, पान्ह्याने खोलता येतो आणि पुन्हा बसविता येतो. जेथे सायकल गेली, तेथे तिच्यामागून मिस्त्री गेला. स्वस्त सायकल निवडण्याची पहिली कसोटी येथेच सापडते.

आता आपल्या नागपूरकडे वळू. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १८६७ मध्ये येथे रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १९२३ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. कचेऱ्या, गिरण्या, कॉलेजे वाढली तसे घर आणि काम यांत अंतर पडू लागले. महाल-इतवारीतून सीताबर्डीला, सीताबर्डीवरून सिव्हिल लाइन्सला, रोज जाणे-येणे आले. टांगा रोज परवडत नसे आणि गिरणीचा भोंगा कोणासाठी थांबत नसे. गाव बहुतांशी सपाट. सायकलीला याहून चांगली जागा कोणती?

परंतु आरंभी सायकल ही साहेबाची, वकिलाची, श्रीमंताच्या मुलाची चीज होती. ती विलायतेहून येई, आणि तिची किंमत म्हणजे कारकुनाचा कित्येक महिन्यांचा पगार. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बर्मिंगहॅमच्या हर्क्युलिससारख्या कारखान्यांनी मोठ्या प्रमाणावर माल काढून किंमत उतरविली; नॉटिंगहॅमची रॅले होतीच. जपानी मालही बाजारात आला. सायकल हळूहळू मध्यमवर्गाच्या ओसरीवर चढली. स्वातंत्र्यानंतर तर चित्रच पालटले. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये टी. आय. सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस, आसनसोलला सेन-रॅले आणि लुधियान्याला १९५६ मध्ये हीरो असे कारखाने एकामागून एक उभे राहिले. १९५०-५१ साली देशातील मोठ्या कारखान्यांत वर्षाला सुमारे १ लाख सायकली होत. १९६०-६१ साली ती संख्या सुमारे १० लाखांवर गेली. दहा वर्षांत दसपट!

या लाखो सायकली कोणत्या प्रकारच्या होत्या? जवळजवळ सगळ्या एकाच प्रकारच्या. काळा रंग, २८ इंची चाके, मधला आडवा दांडा, सळ्यांचे ब्रेक, चेनवर कव्हर, दोन्ही चाकांवर मडगार्ड, मागे मजबूत कॅरिअर आणि खाली स्टँड. वजन सुमारे २० किलो. मुले दांड्याखालून पाय घालून कैची मारीत हिच्यावरच शिकत. दूधवाल्याच्या बरण्या, पोस्टमनची पिशवी, गवताचा भारा आणि दांड्यावर बसलेले पोर, सारे हिनेच वाहिले. अनेक नगरपालिका हिच्यावर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत, आणि रात्री दिवा नसला की पोलीस अडवीत. ही सायकल वेगवान नव्हती, देखणीही नव्हती. मग ती टिकली का?

एक तर तिच्यात बिघडण्यासारखे थोडे होते. सळीचा ब्रेक वर्षानुवर्षे चाले; फक्त रबर बदलावे लागे. दुसरे, तिचे सुटे भाग सगळीकडे मिळत. कॉटर पिन असो, छर्रे असोत, फ्रीव्हील असो, तालुक्याच्या गावीही हाती येत. आणि तिसरे, झाडाखाली पेटी मांडून बसलेल्या मिस्त्रीला तिची नाडी कळत असे. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधण्याची कला वऱ्हाड-नागपुरात अधिकच लागते, कारण आपल्याकडे बाभळीच्या काट्यांची वाण नाही! गरिबाने ही सायकल निवडली ती नवे कळत नव्हते म्हणून नव्हे. सायकल एक दिवस बंद राहिली तर आपला रोज बुडतो, हे त्याला नेमके कळत होते.

हाच धडा आजच्या दुकानात घेऊन जा. आज तेथे अठरा-एकवीस गिअरच्या, पुढे-मागे स्प्रिंगच्या, जाड टायरच्या रंगीत सायकली उभ्या असतात. डोंगरात हिंडणाऱ्यासाठी त्या ठीक. पण नागपूरच्या सपाट रस्त्याला इतके गिअर कशाला? स्वस्त सायकलीतली स्प्रिंग धक्का थोडा खाते आणि वजन पुष्कळ वाढविते; शिवाय पायाचे बळही तीच गिळते. अशा सायकलीला पुष्कळदा मडगार्ड नसते, कॅरिअर नसते. मग तो सरंजाम वेगळा विकत घ्यावा लागतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, म्हणतात ते असे.

तेव्हा थोड्या पैशात घ्यावयाची तर एका गिअरची, साधी, पोलादी चौकटीची घ्या. उड्डाणपूल रोज चढावा लागत असेल किंवा गुडघे दुखत असतील तर मागे थोडे गिअर असलेली पाहा. पण ते दुरुस्त करणारा माणूस जवळपास आहे का, हे आधी विचारा. टायर फार अरुंद नको आणि फार जाडही नको. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी आणि चेनचे कव्हर कारखान्यातूनच आलेले असावे. दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यास दांडा आणि शरीर यांत एक-दोन इंच अंतर राहिले पाहिजे. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर टेकविली असता पाय सरळ व्हावा. तेवढी सीट उंच ठेवा. बुटक्या सीटवर गुडघे झिजतात. आणि जवळचे सगळे पैसे सायकलीतच घालू नका. पाचवा हिस्सा कुलूप, पंप, पुढचा-मागचा दिवा आणि पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला काढा.

जुनी सायकल घेण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र पारखून घ्या. चाक उचलून फिरवा. ते डावी-उजवीकडे डोलले तर आऊट आहे, ते मिस्त्री आरे ताणून काढतो. क्रँक धरून हलवा. खडखडले तर छर्रे किंवा वाट्या गेल्या. चौकटीचे सांधे आणि पुढचा चिमटा मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. तेथे चीर किंवा नवा वेल्डिंगचा डाग दिसला तर फुकट मिळाली तरी ती घरी आणू नका. बाकी सारे बदलता येते; चौकट मोडली तर माणूस पडतो.

पैशाचा हिशेबही मांडू. शाळा घरापासून ६ किलोमीटर असेल तर रोजचे जाणे-येणे १२, महिन्याचे २५ दिवस धरले तर ३००, वर्षाचे ३,६०० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल एवढ्यासाठी ७२ लिटर पेट्रोल पिते. आजचा पेट्रोलचा भाव तुम्हीच मांडा आणि सायकल किती महिन्यांत फिटते ते काढा. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात सायकल सोपी नाही, हे मान्य. म्हणून तर सकाळी लवकर निघावे, डोक्याला दुपट्टा आणि सोबत पाणी असावे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपल्या जुन्या सायकलीत एक मोठी उणीव होती, आणि ती म्हणजे मधला दांडा. लुगडे नेसलेल्या बाईला तो ओलांडून बसणे अवघड. बिनदांड्याच्या सायकली होत्या, पण घरात एकच सायकल यावयाची आणि ती पुरुषाच्या मापाची. घरातल्या बायामुलींच्या वाट्याला पायीच चालणे आले. पुढे काय घडू शकते हे तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्याने दाखविले. तेथे १९९१ च्या साक्षरता मोहिमेत सायकल शिकविणे हाही अभ्यासाचा भाग केला, आणि हजारो ग्रामीण स्त्रिया सायकलीवर बसल्या. बायकांच्या सायकली अपुऱ्या पडल्या तेव्हा त्यांनी दांड्याच्या सायकली चालविल्या! आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या. ज्या गावात शाळा सातवीपर्यंतच असते, तेथे पुढची चार किलोमीटरची वाट हीच मुलीच्या शिक्षणाची सीमा ठरते. म्हणून मास्तरांना आणि पालकांना माझे सांगणे आहे, घरात एकच सायकल घ्यावयाची असेल तर बिनदांड्याची घ्या. ती बाप चालवू शकतो, आई चालवू शकते आणि मुलगीही. दांड्याच्या सायकलीवर बहुधा एकच हक्क सांगतो.

२०११ च्या जनगणनेत देशातील दर शंभर कुटुंबांपैकी सुमारे ४५ कुटुंबांकडे सायकल आढळली. दोन शतकांपूर्वी पायांनी जमीन रेटणाऱ्या त्या लाकडी गाडीने केवढी मजल मारली पाहा! दुकानात गेलात की तीन प्रश्न विचारा. ही आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येईल का? हिचे सुटे भाग आमच्या तालुक्याला मिळतील का? आणि घरातली सगळी माणसे हिच्यावर बसू शकतील का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ आले तर रंग कोणताही असो, खुशाल घ्या. आणि घरी नेल्यावर महिन्यातून एकदा चेनला दोन थेंब तेल घालायला विसरू नका.