पुठ्ठ्याच्या अंड्यावरचा ससा

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मध्ययुगीन युरोपात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. ती घरात साठत जात आणि सण उजाडला की रंगवून एकमेकांना दिली जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्ची पडल्याची नोंद आहे. वर्ख लावून, रंगवून ती राजवाड्यातल्या माणसांना वाटली गेली. पुढे १६८२ मध्ये गेऑर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या जर्मन वैद्याने मुलांसाठी अंडी आणणाऱ्या सशाविषयी लिहून ठेवले. म्हणजे भेट कोणती आणि ती आणतो कोण, हे ठरलेले होते. पण खऱ्या अंड्यात खाऊ भरता येत नाही. मधोमध उघडणारे पुठ्ठ्याचे अंडे आले आणि ती सोय झाली.

अशी अंडी जर्मनीतल्या एर्त्सगेबिर्ग डोंगराळ भागात बनू लागली. तिथल्या चांदीच्या खाणी ओसरल्यावर लोकांनी लाकडी खेळणी, गोंडे-झालरी आणि कागदकाम यांवर पोट भरले. बुखहोल्त्स हे गाव तर पुठ्ठ्याच्या डब्यांसाठीच ओळखले जाई. जवळच्या वीझा गावात पुठ्ठ्याची अंडी अजूनही तयार होतात.

या डबीचा जीव मात्र तिच्यावर चिकटवलेल्या रंगीत चित्रात आहे, आणि त्या चित्राची सुरुवात भटारखान्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन भटारी मसालेदार केकवर छोटी उठावाची चित्रे लावत. ती एकरंगी छापलेली असत. रंग हाताने भरायचा, कडा कात्रीने कापायच्या. आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछापाची युक्ती शोधली होती. १८३७ मध्ये गोदफ्रवा आंगेलमान याने फ्रान्समध्ये रंगीत शिळाछापाचे पेटंट घेतले आणि कारखान्यांतून रंगीत चित्रांचे ताव निघू लागले.

असा एक ताव जवळून पाहण्याजोगा असतो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो आणि सगळे ठसे एकमेकांवर अचूक बसावे लागतात, नाहीतर सशाचा गुलाबी कान कानाबाहेर जातो. छपाईनंतर तावावर चकाकीचा थर देतात, मग साच्यात दाबून उठाव आणतात, शेवटी धारदार साच्याने बाहेरची कड कापतात. ससे, पिल्ले, प्रिमरोजची फुले अरुंद कागदी पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली राहतात. त्या पट्ट्यांवर बऱ्याचदा छापखान्याचे नाव असते. घरी पट्टी कापायची, मागे खळ लावायची आणि चित्र डबीवर बसवायचे. अंड्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ सोनेरी कागदी झालरीने झाकायची. आत एका अर्ध्याला पुठ्ठ्याची कड थोडी वर ठेवायची, म्हणजे झाकण घट्ट बसते. हे काम मुलांनाही जमे. चित्रकला न येणाऱ्या घरांतही हाताने सजवलेली भेट देता येऊ लागली, हे मला या कागदाचे सर्वांत मोठे देणे वाटते.

छापील चित्र आले की हातकाम संपते, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या घरांतही आहे. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, तो जर्मन यंत्रांवर आणि जर्मन कारागिरांच्या मदतीने. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे बायकांनी नुसती चौकटीत घातली नाहीत. देवीच्या साडीवर खरे कापड चिकटवले, काठाला जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी शिवले. अशी सजवलेली चित्रे आज संग्राहक मोठ्या हौसेने जमवतात, आणि त्यांतली कुठलीही दोन सारखी नाहीत.