कामावरील अपघात आणि नुकसानभरपाईचा हक्क : १८५५ ते १९४८

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी आपल्या मागण्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. या मागणीला कायद्याचे रूप येण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली, आणि तेव्हाही ती पूर्णपणे मान्य झाली नाही.

१९२३ पूर्वीची स्थिती

तोपर्यंत जखमी कामगारापुढे दोनच मार्ग होते : मालकाची मेहरबानी किंवा दिवाणी दावा. अपघातात मृत्यू आल्यास १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्यान्वये कुटुंबीयांना दावा करता येत असे. मात्र प्रत्येक दाव्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागे. साक्षीदार असत ते त्याच मालकाचे नोकर. शिवाय चूक सहकाऱ्याची होती, किंवा धोका माहीत असूनही कामगाराने काम पत्करले होते, असा इंग्लिश न्यायतत्त्वांवर आधारलेला बचाव मालकाला घेता येई.

१९२३ चा कायदा

कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. ‘चूक कोणाची?’ या प्रश्नाऐवजी ‘अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला का?’ हा प्रश्न त्याने पुढे आणला. दाव्यांच्या निर्णयासाठी स्वतंत्र आयुक्त नेमण्यात आले. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करणे बंधनकारक झाले. कामगाराकडून हक्क सोडल्याचा करार लिहून घेतला, तरी तो निरर्थक ठरविण्यात आला.

भरपाईचे मोजमाप मात्र वेतनावर अवलंबून होते. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ४२ महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळे. अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता २५ टक्के घटली, असे परिशिष्टात धरलेले होते. म्हणजे दरमहा २० रुपये मिळविणाऱ्याच्या अंगठ्याची भरपाई २१० रुपये, जेमतेम साडेदहा महिन्यांचा पगार. तात्पुरत्या अपंगत्वात पहिल्या दहा दिवसांचे काहीच मिळत नसे आणि पुढे फार तर निम्मे वेतन मिळे. लोखंडे यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण वेतन मागितले होते, हे येथे लक्षात घ्यावे. शेतमजूर तर बहुतांशी या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

मार्गांची निवड

दिवाणी दाव्याचा मार्ग बंद झाला नव्हता, पण दोन्हींपैकी एकच निवडावा लागे. आयुक्तांकडे मागणी दाखल केल्यावर त्याच दुखापतीसाठी न्यायालयात जाता येत नसे. खात्रीची पण मर्यादित रक्कम, की मोठ्या रकमेची अनिश्चित आशा, असा हा पेच होता. १९३८ च्या मालक दायित्व कायद्याने दिवाणी दाव्यांतील सहकाऱ्याच्या चुकीचा बचाव काढून टाकला आणि धोका पत्करल्याच्या बचावावर मर्यादा घातली. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने, तो लागू असलेल्या आस्थापनांत, जबाबदारी एकट्या मालकाकडून विमा निधीकडे नेली आणि उपचारांचीही तरतूद केली.

समारोप

१९२३ च्या कायद्याने भरपाईला दयेतून काढून हक्काच्या कक्षेत आणले. परंतु त्या हक्काची किंमत कामगाराच्या पगारानेच ठरत असल्याने, ज्याचा पगार कमी त्याचा अंगठाही स्वस्त ठरला.