घोड्याविना घोडेस्वार : छावणीतला रिसाला आणि अवकाशातले गणवेश

थ्रेड.

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला. त्यातील साम्राज्याचे अधिकारी एका क्षणात अख्खा ग्रह नष्ट करणाऱ्या यंत्रावर तैनात आहेत. परंतु त्यांची विजार मांडीवर फुगीर आणि गुडघ्याखाली घट्ट आहे आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे काळे बूट आहेत. हा घोडेस्वाराचा पोशाख होय. त्या यंत्रावर घोडा एकही नाही.

ही चूक नव्हे. हे कपडे ठरवणारे जॉन मोलो (१९३१–२०१७) हे मुळात लष्करी गणवेशांचे इतिहासकार होते. बंधू अँड्र्यू यांच्यासह त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिले. ‘चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ (१९६८) आणि ‘बॅरी लिंडन’ (१९७५) यांसारख्या ऐतिहासिक चित्रपटांना गणवेशांबाबत सल्ला देणे हे तोवरचे त्यांचे काम. वेशभूषाकार म्हणून त्यांचा पहिला चित्रपट ‘स्टार वॉर्स’च.

दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांची अट विलक्षण होती : कपडे प्रेक्षकांच्या लक्षातच येऊ नयेत; ते ओळखीचे वाटावेत आणि तरीही नेमके ओळखता येऊ नयेत. मोलो लंडनच्या ‘बर्मन्स अँड नेथन्स’ या भाड्याने पोशाख देणाऱ्या कोठारात गेले. राल्फ मॅक्वारी यांची चित्रे समोर होतीच. काळा मोटारसायकलस्वाराचा पोशाख, जर्मन शिरस्त्राण, विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा आणि मध्ययुगीन विभागातला साधूचा झगा एकत्र आले, आणि डार्थ व्हेडरचा पहिला आराखडा उभा राहिला. अधिकाऱ्यांच्या पोशाखात जर्मन ‘उलान’ म्हणजे भालाईत घोडदळाची छटा आली. ‘स्टॉर्मट्रूपर’ हे नावही पहिल्या महायुद्धातील जर्मन हल्लेखोर तुकड्यांचेच.

या कामाबद्दल ऑस्कर स्वीकारताना मोलो म्हणाले होते की, ही वेशभूषा कमी आणि नळजोडणी व मोटारकाम अधिक आहे. विनय म्हणून हे ठीक. खरे मात्र मानू नये. गणवेशात उपयोग संपलेल्या गोष्टी किती काळ टिकून राहतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. भविष्यातले सैन्य खरे वाटायचे, तर त्याच्या अंगावर जुन्या सैन्याच्या खुणा हव्यात.

अशी खूण पाहण्यासाठी जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरची छावणी पुरेशी आहे.

एकोणिसाव्या शतकात, औरंगाबादच्या या लष्करी तळावर हैदराबाद कंटिंजंटचे रिसाले असत. खर्च निजामाचा, अधिकारी इंग्रज, स्वार देशी. जून १८५७ मध्ये येथील पहिल्या रिसाल्यात बातमी पसरली की, आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार. स्वारांनी नकार दिला. पुण्याकडून मेजर जनरल वुडबर्नची फौज आली, उठाव मोडला गेला आणि अनेकांना देहान्त शिक्षा झाली. काळा चबुतरा, म्हणजे आजचा क्रांती चौक, हे स्थान त्या शिक्षांशी जोडले जाते.

यातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. दुसऱ्याच वर्षी याच कंटिंजंटच्या तुकड्या सर ह्यू रोजच्या बाजूने मध्य भारतात लढत होत्या. ज्यांना शिक्षा झाली ते आणि जे इंग्रजांकडून लढले ते एकाच फौजेचे शिपाई होते. गणवेश बाजू दाखवतो, असे आपण समजतो. वास्तविक तो फक्त हुकूम कोणाचा हे दाखवतो. हुकूम नाकारणारा स्वार बाहेरून इतरांसारखाच दिसतो.

त्याच धामधुमीत इंग्रजी फौजेचा रंग बदलत होता. १८४६ मध्ये पेशावरकडे लम्सडेनच्या ‘गाइड्स’ पलटणीने मातकट कपडे स्वीकारले होते. फारसीत खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. १८५७ च्या उन्हाळ्यात अनेक पलटणींनी आपले पांढरे कपडे चहात, मातीत, मिळेल त्या रंगात बुडवून घेतले. मिरवण्याचा गणवेश लपण्याचा झाला.

पहिल्या रिसाल्याचे पुढे काय झाले? १८९० मध्ये त्याच्या नावात ‘लान्सर्स’ आले आणि १९०३ मध्ये तो ‘विसावा डेक्कन हॉर्स’ झाला. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, हाय वूड येथे, त्याच्या स्वारांनी मशीनगनच्या युगात भाले घेऊन चाल केली. १९२१ मध्ये आणखी एका रिसाल्याशी विलीनीकरण झाले. आज भारतीय सैन्यातील ‘डेक्कन हॉर्स’ ही रणगाड्यांची रेजिमेंट आहे. तबेल्यात घोडा नाही, नावात मात्र आहे. मोलोंच्या त्या विजारीचे मर्म हेच.

आता ज्या नावाशिवाय ही कथा अपुरी राहील ते नाव. भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये, जन्म १९२९, कोल्हापूर. वडील चित्रकार. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण, प्रोग्रेसिव्ह चित्रकारांबरोबर प्रदर्शनात सहभाग, ‘ईव्हज वीकली’साठी फॅशनची रेखाचित्रे आणि १९५६ च्या ‘सी.आय.डी.’पासून चित्रपट. जग त्यांना भानू अथय्या म्हणून ओळखते. एप्रिल १९८३ मध्ये ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. तो पुरस्कार विभागून होता, आणि दुसरे मानकरी होते जॉन मोलो. आपल्याकडे ‘पहिला भारतीय ऑस्कर’ म्हणताना मोलो गळतात. तिकडे ‘स्टार वॉर्स’चे चाहते मोलोंचे दुसरे ऑस्कर मोजतात आणि अथय्यांचे नाव गाळतात.

कामाची वाटणी साधारणपणे अशी : ब्रिटिश आणि लष्करी बाजू मोलोंकडे, भारतीय माणसे अथय्यांकडे. दक्षिण आफ्रिकेतील बॅरिस्टरच्या सुटापासून आखूड पंचापर्यंत गांधीजींचा प्रवास कपड्यांतून घडवणे हे त्यातले अवघड काम. गांधीजींनी अंगावरून एकेक वस्त्र उतरवले ते हुकूमही झुगारत. गणवेशाच्या हे नेमके उलट आहे.

चित्रपटातील जालियनवाला बागेचे दृश्य पुन्हा पाहावे. एका बाजूला फेटे, ओढण्या, लहान मुलांचे कुडते. दुसऱ्या बाजूला खाकीची सरळ रांग. १३ एप्रिल १९१९ रोजी डायरने आणलेले ते पन्नास बंदूकधारीही इंग्रज नव्हते. गुरखे होते, शीख होते, सरहद्दीकडचे शिपाई होते. पडद्यावर त्यांचे चेहरे क्षणभरच दिसतात. हुकूम होतो, बंदुका उचलल्या जातात, आणि छावणीतल्या पहिल्या रिसाल्याने जे केले ते या रांगेतला एकही जण करत नाही.