मुद्राराक्षसावरचा आळ

२ चा ६७ वा घात घ्या, त्यातून १ वजा करा : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. पाद्री मारँ मेर्सेन यांनी १६४४ साली पॅरिसमध्ये छापलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ही संख्या मूळ ठरवून टाकली. १८७६ मध्ये ल्युका यांनी एकही अवयव न शोधता तिचे मूळपण खोडून काढले आणि १९०३ मध्ये न्यूयॉर्कला एका सभेत फ्रँक कोल यांनी अवयवच समोर ठेवले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. त्या सभेची चटकदार हकिकत ई. टी. बेल यांच्यामुळे सर्वांना ठाऊक आहे.

मला छळतो तो ६७. मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या मेर्सेन यांच्या यादीत तो आला कुठून?

रूढ उत्तर असे, की ही मुद्राराक्षसाची करामत. १८८३ मध्ये उरलकडचे पाद्री पर्वुशिन यांनी २ चा ६१ वा घात उणे १ ही संख्या मूळ असल्याचे दाखवले. मेर्सेन यांच्या यादीत ६१ नव्हताच. मग १ चा ७ झाला असणार, जुळाऱ्याचा हात चुकला असणार!

मला हे पटत नाही. मेर्सेन यांनी तिथे ६७ लिहिलेलेच नाही. ते परिपूर्ण संख्यांबद्दल, म्हणजे स्वतःहून लहान विभाजकांच्या बेरजेइतक्या संख्यांबद्दल, बोलताहेत; २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या आली, की तिच्यापासून अशी एक संख्या बनते. नववीसाठी त्यांनी घातांक दिला आहे ६८, दहावीसाठी १२८, अकरावीसाठी २५८; प्रत्येक ठिकाणी मूळ संख्येच्या घातांकाहून एक जास्त. म्हणजे जुळाऱ्याने २ चा ८ करायला हवा होता. शिवाय त्याच परिच्छेदात ६२ शाबूत आहे : पहिल्या आठ संख्यांनंतर घातांक ६२ ओलांडेपर्यंत दुसरी परिपूर्ण संख्या नाही, असे ते बजावतात. (आठवी संख्या २ च्या ६१ व्या घाताहून जराशीच लहान आहे, म्हणून ६२ आला, असे प्रतिपक्ष म्हणेल. म्हणू द्या.)

आता त्यांचे घातांक पाहा : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. प्रत्येक जण २ च्या घाताच्या एकाने मागे-पुढे, नाहीतर ४ च्या घाताच्या तिनाने. इतिहासकारांनीही हे हेरले आहे. या नियमात २५७ पर्यंत बसणाऱ्या सगळ्या मूळ संख्या लिहिल्या, तर बारा भरतात. मेर्सेन यांच्याकडे अकरा. गळालेली एकच : ६१, म्हणजे ६४ उणे ३. आणि ६७ म्हणजे ६४ अधिक ३.

तेव्हा ६१ च्या जागी ६७ बसला नाही. नियमाने दोघे शेजारी आले आणि त्यांतला एक निसटला. माझ्या मते हे छापखान्यात नव्हे, मेर्सेन यांच्या टिपणांतच घडले. कारण परिपूर्ण संख्या अकराच, ही मोजणीही त्यांचीच आहे.

८९ आणि १०७ हेही यादीत हवे होते. ते या नियमात बसत नाहीत, म्हणून सुटले. २५७ मात्र नियमात चपखल बसतो, २ चा आठवा घात अधिक १. त्याची संख्याही विसाव्या शतकात संयुक्त निघाली. त्याच्यासाठी मुद्राराक्षसाला कोणी जबाबदार धरलेले नाही.